गुरुवारच्या बाजारात फोन का लागत नव्हता : एका टॉवरचा हिशेब

"दांड्या तर फुल्ल हायेत ना भाऊ, मंग फोन कायले लागत नाही?" पानठेल्यावरच्या पोरानं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून थेट विचारलं. २०१० चा नोव्हेंबर होता. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन कापसाच्या वेचणीला जोर आला होता आणि गुरुवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पांढरकवड्याहून काळी-पिवळीनं तासाभराच्या वाटेवरचं हे गाव. नाव इथं देत नाही. आसपासच्या पंधरा-वीस खेड्यांचा आणि कोलाम पोडांचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांचा, बाजार तिथं भरतो, एवढं पुरे. मी तेव्हा एका मोबाइल कंपनीसाठी या भागातल्या टॉवरांची तपासणी करायचो.

ठेल्याशेजारी एक म्हातारी उभी होती. तिची लेक बाळंतपणासाठी यवतमाळला दवाखान्यात होती. हातातला फोन ती येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांपुढं धरायची, "लावून दे ना रे बापू." पोरगं बटण दाबायचं, तीनदा टुकटुक व्हायचं आणि पडद्यावर 'नेटवर्क बिझी' उमटायचं. लगेच पुन्हा दाबायचं. पाचव्या वेळी लागला. म्हातारी पदराआड तोंड करून बोलायला लागली आणि मी वही काढली. पुढचे तीन आठवडे ती वही माझ्या हातून सुटली नाही. खालचे आकडे तिच्यातलेच आहेत, वाचायला सोपे जावेत म्हणून गोल केलेले.

पोराच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हा घोळ अनेकांच्या मनात असतो. फोनवरच्या दांड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो ते सांगतात. टॉवरवर बोलायला जागा शिल्लक आहे का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर बाजारापासून हाकेच्या अंतरावर होता, त्यामुळे दांड्या पूर्ण असणारच. कमी पडत होती ती जागा. तिला आम्ही चॅनेल म्हणतो.

हा टॉवर तीन सेक्टरांचा होता. एक सेक्टर बाजाराकडं तोंड करून आणि उरलेले दोन वावरांकडं, सागाच्या जंगलाकडं. प्रत्येक सेक्टरला एकच टीआरएक्स, म्हणजे कॉल पाठवणारं-घेणारं रेडिओ यंत्र. जीएसएम या मोबाइल पद्धतीत एका टीआरएक्सवर आठ टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचे आठ वाटे असतात. त्यातला एक टॉवरची हाक आणि सिग्नलिंग (कॉल जुळवण्याची बोलाचाल) यांत जातो, बोलण्यासाठी उरतात सात. म्हणजे बाजाराच्या बाजूला एका वेळी सात जणांचं बोलणं चालू शकत होतं. आठवा आला की त्याला रांगेत उभं राहायला जागा नाही, तो सरळ परत पाठवला जातो. यालाच कॉल ब्लॉकिंग म्हणायचं. सुरू असलेला कॉल मध्येच तुटणं हे वेगळं दुखणं आहे, आणि लोडशेडिंगमध्ये बॅटरी उतरून टॉवरच बसणं हे तिसरं. तक्रारवहीत मात्र तिन्हींची नोंद एकाच ओळीत होती : 'नेटवर्क नाही'.

मी विभागीय कार्यालयात कळवलं. उत्तर दोन ओळींत आलं. गुरुवारी सकाळी दहा ते रात्री आठ या वेळात त्या सेक्टरचा सरासरी वापर ३३ टक्के आहे, अगदी गर्दीच्या तासातही ७९ टक्केच आहे. पाचवा हिस्सा रिकामा असताना वाढीव यंत्रणा कशाला?

हे उत्तर लिहिणारा माणूस खोटं बोलत नव्हता. आकडे बरोबर होते. पण ७९ टक्के भरलेला टॉवर दहातले तीन प्रयत्न परत पाठवत असतो, हे त्या आकड्याकडं पाहून कुणाच्याच ध्यानात येत नाही. मला कळायलाही कागद घेऊन बसावं लागलं.

कोपनहेगनची पद्धत

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत सुटलेला आहे. आग्नर क्राऊप अर्लांग हा गणितज्ञ १९०८ मध्ये त्या कंपनीत रुजू झाला. टेलिफोन केंद्रातून बाहेर जाणाऱ्या तारा मोजक्या आणि बोलू पाहणारे अनेक, मग तारा किती टाकाव्यात, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०९ मध्ये त्यानं दाखवलं की एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांचे कॉल पॉयसन वितरणानं येतात, म्हणजे सरासरी ठरलेली पण क्षण कुठलाही. १९१७ मध्ये त्यानं ब्लॉकिंगचं सूत्र दिलं. त्याला आज 'अर्लांग बी' म्हणतात. पुढं १९४६ मध्ये टेलिफोनच्या भाराच्या एककालाच त्याचं नाव मिळालं. एक चॅनेल तासभर सलग व्यापलेला असेल तर तो एक अर्लांग. ताशी ४० कॉल आणि प्रत्येक कॉल सरासरी ९० सेकंदांचा असेल तर ४० गुणिले ९० भागिले ३६००, म्हणजे बरोबर एक अर्लांग.

सूत्र पाहून घाबरायचं कारण नाही, ते पायरीपायरीनं हातानं करता येतं. भार 'अ', चॅनेलची संख्या 'न' आणि ब्लॉकिंगचं प्रमाण 'ब' धरा. शून्य चॅनेल असतील तर प्रत्येक कॉल अडणार, म्हणून ब(०) = १. मग एकेक चॅनेल वाढवत जायचं :

ब(न) = अ × ब(न−१) ÷ (न + अ × ब(न−१))

भार ६ अर्लांग असेल तर एका चॅनेलवर ब्लॉकिंग ६/७, म्हणजे ०.८५७. दोनवर ०.७२. तीनवर ०.५९. असं करत सातवर येतं ०.१८५. अठरा-साडेअठरा टक्के. साधा कॅल्क्युलेटर आणि पाच मिनिटं, बस्स.

या सूत्राचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. कॉल किती लांबीचे आहेत याची फक्त सरासरी लागते, त्यांचं वाटप कसंही असो. रशियन गणितज्ञ सेवास्त्यानोव्ह यानं १९५७ मध्ये ते सिद्ध केलं. आमच्या बाजारात हे फार कामाचं, कारण तिथं बारा सेकंदांचा मिस कॉलही असतो आणि सोयरिकीचं पंधरा मिनिटांचं बोलणंही. दोन्ही एका सरासरीत टाकले तरी चालतं.

सरासरी काढताना मात्र मी आधी चुकलो. बिलाच्या नोंदींवरून कॉलची लांबी घेतली. बिल उचललेल्या कॉलचंच होतं. आमच्या यंत्रणेत तर समोरची घंटी वाजायला लागण्याआधीच चॅनेल दिला जायचा, म्हणजे घंटी वाजते तोवरही तो व्यापलेलाच. "मिस कॉल दे, मी येतो" असं अर्धा बाजार एकमेकांना सांगतो. त्या मिस कॉलचं बिल शून्य, पण चॅनेलवरचा वेळ खरा. तो धरल्यावर सरासरी दीड मिनिटावर आली.

सरासरीनं लपवलेले दोन तास

दिवसाच्या सरासरीचा मुद्दा आधी निकालात काढतो. दहा तासांपैकी दुपारचे दोन तास तुफान गर्दीचे, कारण मजुरांचा आठवड्याचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो आणि पैसे हातात आले की माणूस फोन करतो. उरलेले आठ तास त्या सेक्टरवर दीड अर्लांगच्या आसपास भार. कार्यालयाची ३३ टक्क्यांची सरासरी म्हणजे सातातले २.३ अर्लांग. सूत्रात २.३ घातलं तर ब्लॉकिंग ०.७ टक्के येतं. उत्तम टॉवर! दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००९ च्या गुणवत्ता नियमांत आवाजाच्या चॅनेलच्या कोंडीची मर्यादा २ टक्के होती, त्याच्या निम्म्याहूनही कमी.

पण ब्लॉकिंगचा वक्र सरळ रेषेत चढत नाही. भार कमी असतो तोवर तो जमिनीलगत सरपटतो आणि मग उसळतो. दीड अर्लांगला ब्लॉकिंग हजारात एकसुद्धा नाही, तीनला २.२ टक्के, सहाला १८.५. अशा वक्रावर आधी भाराची सरासरी काढून मग ब्लॉकिंग पाहिलं तर उत्तर नेहमी खऱ्यापेक्षा चांगलं दिसतं. गणितात ही 'जेन्सनची असमता', १९०६ सालची. आणि हा योहान जेन्सन कोण, तर त्याच कोपनहेगन टेलिफोन कंपनीच्या तांत्रिक विभागाचा प्रमुख, ज्यानं अर्लांगला कंपनीत आणलं. शंभर वर्षांपूर्वी एका छताखाली बसलेल्या दोन माणसांनी आमच्या गुरुवारच्या तक्रारीचे दोन्ही अर्धे लिहून ठेवले होते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

नियामकाची २ टक्क्यांची मर्यादा तर एकेका टॉवरला लागतच नव्हती, ती पूर्ण परवाना क्षेत्राच्या आकड्यांना लागायची. आमचं क्षेत्र म्हणजे मुंबई वगळून महाराष्ट्र आणि वर गोवा. त्या समुद्रात एका बाजारगावाचे आठवड्यातले दोन तास कुठं दिसणार?

७९ टक्क्यांच्या आत काय होतं

आता गर्दीचा तास. मीटरनं दाखवलेला वापर ७९ टक्के, म्हणजे साडेपाच अर्लांग. पण हे झालेलं बोलणं. लोकांना करायचं होतं ते बोलणं यापेक्षा जास्त, कारण अडलेले कॉल यात नाहीत. झालेला भार म्हणजे मागितलेल्या भारातून अडलेला वजा. मग उलटा हिशेब : कोणत्या 'अ'साठी अ × (१ − ब) साडेपाच येतं? मी चार आकडे घालून पाहिले. ६ मागितले तर ४.९ पार पडतात. ७ मागितले तर ५.३. ८ ला ५.५. १० मागितले तरी ५.९ च.

या चार आकड्यांकडं जरा थांबून पाहा. मागणी ६ वरून १० वर गेली, दोन तृतीयांशानं वाढली, आणि मीटर एक अर्लांगनं हललं. सात चॅनेलचं भांडं आहे, त्यात कितीही ओतलं तरी वर ओसंडून वाहून जातं आणि मीटर भांड्यातलंच पाणी मोजतं. म्हणून भरलेल्या टॉवरच्या वापराच्या आकड्यावरून मागणी ओळखणं धोक्याचं असतं. मीटरची थोडी चूक मागणीच्या अंदाजात मोठी चूक होऊन येते.

साडेपाचला ८ अर्लांग बसत होते आणि ८ ला ब्लॉकिंग ३१ टक्के. ताशी नोंदी काढून अडलेल्या प्रयत्नांचा काउंटर पाहिला, तोही दहात तीनच्या आसपास सांगत होता. मासिक अहवालात हा काउंटर सरासरीत विरघळून जायचा. मॉडेल आणि काउंटर जुळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. दिवसभराचा हिशेब या आकड्यांनी पुन्हा मांडला तर गुरुवारी झालेल्या एकूण प्रयत्नांपैकी सतरा-अठरा टक्के अडत होते. सरासरीवरून निघालेला आकडा होता ०.७.

तरीही ८ अर्लांग ही लोकांची गरज नव्हती. त्या म्हातारीचा एकच कॉल होता, पण काउंटरनं तिचे पाच प्रयत्न मोजले होते. अडलेला माणूस पुन्हा लावतो, त्यानं भार वाढतो, वाढलेल्या भारानं आणखी माणसं अडतात, तीही पुन्हा लावतात. अडलेल्या दहांपैकी आठ जण पुन्हा लावतात असं धरलं (ठेल्यावर दोन गुरुवार उभं राहून पाहिल्यावर हा अंदाज मला रास्त वाटला) तर मूळ भार म्हणजे ८ × (१ − ०.८ × ०.३१), साधारण ६ अर्लांग. मूळ गरज सहाची. सगळ्यांनी एकदाच लावून सोडून दिलं असतं तर ब्लॉकिंग १८ टक्के राहिलं असतं. पुन्हापुन्हा लावल्यानं ते ३१ झालं. आणि एवढं करूनही शेवटी न लागता फोन खिशात ठेवणारे बारातला एक.

या मांडणीत एक कच्चा दुवा आहे. प्रत्येक प्रयत्नाचं नशीब स्वतंत्र आहे असं ती धरते. प्रत्यक्षात सातही चॅनेल भरलेले असतील तर पुढचा मोकळा व्हायला सरासरी ९० भागिले ७, म्हणजे तेरा सेकंद लागतात. पोरं दोन-तीन सेकंदांत पुन्हा दाबत होती, तोवर आत काहीच बदललेलं नसायचं. त्या पोराला मी सांगितलं, "बापू, जरा दम धरून लावत जा. पंधरा सेकंद थांब, मंग दाब." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की कंपनीचा माणूस कामचुकारपणा शिकवतोय. त्याचं चुकलं नव्हतं. थांबणाऱ्याची जागा दुसरा पळवणारच.

बाजारातल्या बाजारात

इथपर्यंत मी खूश होतो. ६ अर्लांगला २ टक्क्यांच्या आत ठेवायचं तर किती चॅनेल? त्याच पायऱ्या पुढं चढत गेलो : अकराला २.३ टक्के, बाराला १.१. बारा चॅनेल हवेत. तसा कागद तयारही केला.

तिसऱ्या गुरुवारी भाजीच्या ओळीत उभा होतो. शेजारी एक बाई फोनवर ओरडत होती, "अवं मी बांगड्यावालीजवळ हावो! तू कुठी हाय?" आणि पन्नास पावलांवरून दुसरी बाई हात हलवत होती, तिच्याही कानाला फोन. मला घाम फुटला. या दोघी एकाच सेक्टरखाली होत्या. अशा कॉलला एक चॅनेल बोलणारीला आणि एक ऐकणारीला, असे दोन लागतात. मी सगळे कॉल एकाच मापानं मोजले होते.

बाजारात असे कॉल खूप. नवरा बैल पाहायला गेला, बायको किराण्यात. काळी-पिवळीवाला सवारी गोळा करतोय. मुकादम बायांना हिशेबाला बोलावतोय. विचारपूस करून मी चारातला एक कॉल बाजारातल्या बाजारात, असं धरलं. मग ६ अर्लांगचा अर्थ असा लागला : ताशी १९२ कॉल, त्यातले १४४ बाहेरचे आणि ४८ आतले. बाहेरच्यांचा भार ३.६. आतले १.२ अर्लांग, पण दुहेरी जागा खाणारे, म्हणून २.४. बेरीज तीच सहा.

पण बेरीज तीच असली तरी अडवणूक तीच राहत नाही. सहा चॅनेल भरलेले असताना बाहेरचा कॉल आला तर त्याला सातवा मिळतो. आतला आला तर त्याला दोन हवेत, तो परत जातो. याचं गणित कॉफमन आणि रॉबर्ट्स या दोघांनी १९८१ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिलं. तेही पायऱ्यांचंच आहे. 'न' चॅनेल भरलेले असण्याचं वजन व(न) धरलं तर

न × व(न) = ३.६ × व(न−१) + २.४ × व(न−२)

व(०) ला १ धरून वर चढायचं, शेवटी सगळ्यांच्या बेरजेनं भागायचं. बाहेरचा कॉल अडतो तो सातही भरलेले असताना. आतला अडतो तो सहा किंवा सात भरलेले असताना. उत्तर आलं : बाहेरचे कॉल १६ टक्के अडतात, आतले ३५. पुन्हा लावण्याचा वाढीव भार यात धरलेलाच नाही. साध्या सूत्रानं सगळ्यांना सरसकट साडेअठरा सांगितलं होतं. ज्याला बाजारातल्या बाजारात आपलं माणूस शोधायचं आहे, त्याची अडचण बाहेर फोन करणाऱ्याच्या दुप्पट होती आणि माझ्या पहिल्या कागदात ती दिसतच नव्हती.

बारा चॅनेलवर हेच पुन्हा केलं. बाहेरचे १.९ टक्के, आतले ५. चौदावर बाहेरचे ०.६, आतले १.७. म्हणजे बारा पुरणार नव्हते, चौदा हवे होते. बाराचा कागद मी फाडला. तीन आठवडे मी जिथं उभा होतो तिथंच हे दिसत होतं, आणि मी काउंटरकडं पाहत होतो.

चौदा कुठून आणायचे

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे दुसरा टीआरएक्स. त्याला मंजुरी, फ्रीक्वेन्सीची नवी आखणी आणि पुढच्या टॉवरपर्यंतच्या मायक्रोवेव्ह दुव्यावर जागा लागते. अर्ज टाकला, पण वेचणी संपायच्या आत काही होणार नव्हतं.

दुसरा विचार मोहात पाडणारा होता. बाजाराचा सेक्टर तुंबलेला असताना त्याच टॉवरच्या उरलेल्या दोन सेक्टरांचे चौदा चॅनेल जवळजवळ रिकामे होते. वावरात असतं कोण, सगळे तर बाजारात. मग तीन सेक्टर मोडून चारही दिशांना एकच केला तर? तीन टीआरएक्सच्या २४ टाइमस्लॉटांतले दोन सिग्नलिंगला सोडून २२ चॅनेल होतात. २ टक्के ब्लॉकिंगला सातचा एक गट २.९ अर्लांग पेलतो, असे तीन वेगवेगळे गट मिळून ८.८. २२ चॅनेलचा एकच गट केला तर १४.९. यंत्रणा तीच, नुसती एकत्र केल्यानं क्षमता दीडपटीहून जास्त. सामाईक विहिरीसारखं आहे हे, एकाची पाळी नसेल तेव्हा पाणी दुसऱ्याला मिळतं.

पण चारही दिशांना फेकणाऱ्या अँटेनाचा जोर एका दिशेला रोखलेल्या अँटेनापेक्षा कमी असतो. टॉवरपासून लांब, जंगलाच्या कडेला दोन पोड होते, तिथं आधीच एक-दोन दांड्या मिळायच्या. बाजाराचे दोन तास सुधारण्यासाठी त्या पोडांचा आठवडाभराचा फोन काढून घ्यायचा, हे मला मान्य नव्हतं. कागदावर हा पर्याय सर्वांत चांगला दिसतो, कारण कागदावर पोड नसतात. मी तो अर्जात लिहिलाच नाही.

तिसरा मार्ग हाफ रेटचा. एका टाइमस्लॉटमध्ये एकाऐवजी दोन कॉल बसवायचे. आवाजाला सेकंदाला १३ किलोबिटऐवजी ५.६ मिळतात, त्यामुळे तो थोडा कोरडा, पत्र्यातून आल्यासारखा होतो. सिग्नल कमकुवत असेल तिथं शब्दही गळतात. पण बाजार तर टॉवरच्या पायथ्याशी. तिथं सिग्नल भरपूर, म्हणून हाफ रेट नीट चालणार. त्याच सेक्टरमध्ये लांब वावरात बोलणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून तो कायमचा लावायचा नाही, चॅनेल भरत आले की आपोआप सुरू व्हावा असं ठरवलं. सातही टाइमस्लॉटांवर परवानगी दिली की गर्दीत चौदा चॅनेल. खर्च काही नाही, आदेश फक्त प्रणालीत द्यायचा.

आदेश देण्याआधी सिग्नलिंगची बाजू तपासली. कॉल लागण्याआधी तीनेक सेकंद सिग्नलिंगचा वेगळा चॅनेल लागतो, इथं तसे चार होते. बोलण्याच्या जागा दुप्पट करून दारच अरुंद राहिलं असतं तर उपयोग शून्य. ताशी ३२० प्रयत्न गुणिले तीन सेकंद म्हणजे पाव अर्लांगच्या जरा वर. एसएमएस आणि इतर नोंदणी धरून दुप्पट केलं तरी चारांना ते सहज पेलत होतं.

आदेशानंतरचा गुरुवार

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हाफ रेट सुरू झाला. माझ्या मॉडेलप्रमाणे ६ अर्लांगच्या मागणीतले ५.९ पार पडायला हवे होते. दुपारी ठेल्यावर उभा राहून फोन लावत होतो, पहिल्याच झटक्यात लागत होता. पानठेल्यावरचं पोरगं म्हणालं, "आता पटकन लागते भाऊ, पन आवाज जरा डब्ब्यातून येते." मला तो आवाज गोड लागला, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी ताशी नोंद पाहिली. झालेलं बोलणं ६.८ अर्लांग. जवळजवळ एक अर्लांग जास्त. आधी वाटलं, सोपं बोलता येतं म्हणून कॉल लांबले असतील, पण सरासरी नव्वद सेकंदांच्या आसपासच होती. पुन्हा लावण्याचा भार तर आता उरलाच नव्हता. म्हणजे हे नवे कॉल होते, ताशी तीसएक, आणि ते माझ्या कुठल्याच आकड्यात आधी नव्हते.

पुढच्या गुरुवारी मी काउंटर बाजूला ठेवून माणसांना विचारत फिरलो. पोडावरचे एक काका बाजाराच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली बसले होते. खिशात फोन. मी म्हटलं, "काका, पहिले गुरुवारी फोन लागत नव्हता तेव्हा तुम्ही काय करायचे?"

"कायले लावतो? लागतच नव्हता. गुरुवारी फोन घरीच ठेवून येत होतो. काही सांगाचं रायलं तर बुधवारी वावरातूनच सांगून देत होतो."

मॉडेलमध्ये अडणारा होता, पुन्हा लावणारा होता, कंटाळून सोडणारा होता. लावणंच सोडून दिलेला माणूस नव्हता. ज्यानं बटण दाबलंच नाही त्याची नोंद कुठल्याही यंत्रात होत नाही.

त्या रात्री ७ अर्लांग धरून चौदा चॅनेलचा हिशेब पुन्हा मांडला, आतले-बाहेरचे त्याच प्रमाणात. बाहेरचे कॉल १.३ टक्के अडतात, आतले ३.५. मीटरवर ६.८ दिसायला हवेत, आणि तेवढेच दिसले होते. बाजारातल्या बाजारात बोलणारे पुन्हा २ टक्क्यांच्या वर गेले होते. दुसऱ्या टीआरएक्सचा अर्ज मी नव्या आकड्यांसह पुन्हा पाठवला. त्यात 'गर्दीच्या तासाचा अपेक्षित भार' असा एक रकाना होता. आजवर मी तिथं मोजलेला आकडा लिहीत आलो होतो. या वेळी मोजलेले सात होते, मी ८ लिहिले आणि शेऱ्याच्या जागी काकांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.